पखवाजाची कणीक

भाऊबीजेला माझी नणंद दिवाळी अंक घेऊन आली तेव्हा मी चकल्या वाढत होते. अंक तिने पिशवीत ठेवला नव्हता. हिंदमाताहून लालबागपर्यंत तो तिने हातातच धरून आणला असणार. माझ्या नवऱ्याला तिने तो पान उघडूनच दिला. वर कथेचं शीर्षक, खाली तिचं नाव, बाजूला रेखाचित्र. चित्रात मान खाली घालून कणीक मळणारी बाई होती आणि तिच्या मागे पोटमाळ्यावर गोधडी पांघरलेला पखवाज.

चित्र पाहिलं आणि मला कळलं की माझी गोष्ट गेली.

'माझी' हा शब्द मी तेव्हा वापरला आणि आजही मागे घेत नाही. त्याचं कारण सांगायला हवं.

मी एका मराठी दैनिकात डेस्कवर काम करते. बातम्या लहान करणं, शीर्षकं देणं, वार्ताहराने गाळलेलं नाव विचारून घेणं हे माझं काम. माहेर गिरगावचं. शाळेत असल्यापासून कथा लिहिते. आतापर्यंत थोड्या कथा छापून आल्या, बहुतेक अशा दिवाळी अंकांत जे पुढच्या दिवाळीला निघाले नाहीत. दिवाळी अंकाचं वर्ष आमच्याकडे मे महिन्यात सुरू होतं. संपादक मंडळी ठरलेल्या लेखकांना फोन करतात, बाकीचे आपण होऊन कथा पाठवतात आणि गणपतीपर्यंत वाट बघतात. मी दुसऱ्या गटातली. नणंदेची कथा ज्या अंकात आली त्याच्या संपादकांना मी तीनदा कथा पाठवली होती. शेवटच्या वेळी त्यांनी उत्तर पाठवलं, "माहिती भरपूर आहे. गोष्ट सापडली नाही."

पखवाजाची गोष्ट मात्र सापडणार होती. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून ती माझ्याकडे होती.

माझ्या सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा या चाळीतल्या खोलीत त्या गिरणीकामगारांना जेवण घालत. जेवायला येणाऱ्यांपैकी एक जण भजनात पखवाज वाजवायचा. तोही मालवणकडचाच. त्याची गिरणी बंद पडल्यावर तो गावी गेला. पखवाज आमच्या पोटमाळ्यावर राहिला. सासूबाईंनी तो कुणाला दिला नाही, विकला नाही. दर वर्षी गणपतीआधी त्या तो खाली काढायला लावत, पुसत, आणि त्याच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापत. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावल्याशिवाय तो बोलत नाही. घरात वाजवणारं कुणी नव्हतं. चाळीच्या आरतीला कुणीतरी घेऊन जाई, आणून देई. मग त्या कणीक खरवडून काढत आणि त्याच जुन्या गोधडीत गुंडाळून पखवाज पुन्हा वर चढवत.

तो माणूस कोण होता, परत का आला नाही, सासूबाईंनी त्याची वस्तू इतकी वर्षं का जपली, यावर घरात कुणी बोलत नसे. मला त्यात कथा दिसली. आणि मी तेच केलं जे मला येत होतं. चौकशी सुरू केली.

चाळीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. परळच्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराला विचारलं. एका मे महिन्यात सासरच्या गावी गेले होते तेव्हा त्या माणसाच्या पुतण्याला शोधून काढलं. तो म्हणाला, काका वारले, ते मुंबईचं कधी काढत नसत. मी नोंद केली: दुजोरा नाही. सासूबाईंना विचारलं नाही. एक तर सुनेने सासूला परक्या पुरुषाबद्दल विचारायचं कसं. दुसरं, आमच्या धंद्यातली पद्धत अशी की ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याला शेवटी गाठायचं. आधी सगळीकडून माहिती गोळा करायची आणि मग त्याच्यासमोर ठेवून प्रतिक्रिया घ्यायची. माझी माहिती पूर्ण होत नव्हती, म्हणून प्रतिक्रिया घ्यायची वेळ येत नव्हती.

हे सगळं नणंदेला माहीत होतं. मीच सांगितलं होतं. ती विमा कंपनीत नोकरी करते. त्याआधी तिने ऑफिसच्या पिकनिकचा वृत्तांत सोडून काही लिहिलं नव्हतं.

"वाच ना दादा, मोठ्याने. आईला ऐकू दे," ती म्हणाली.

माझा नवरा वाचू लागला. सोसायटीची नोटीस वाचावी तसा तो वाचतो. सासूबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. त्यांची नजर अधू झाली आहे, कान शाबूत आहेत. कथेतली बाई त्या गावी गेलेल्या माणसाची वाट बघत होती. मधेच हे वाक्य आलं: निजलेल्या लेकराला पांघरावी तशी ती पखवाजावर गोधडी पांघरी. तिथे माझ्या नवऱ्याचा आवाज घसरला. त्याने पाणी मागितलं. माझी एकही कथा वाचताना त्याने पाणी मागितलेलं मला आठवत नाही.

वाचून झाल्यावर सासूबाईंनी अंक मागून घेतला.

"बरा लिवलंस गो," त्या लेकीला म्हणाल्या. मग अंक डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "चितरातली बाय माझ्यापेक्षा जाडी आसा."

नणंद माझ्यामागे स्वयंपाकाच्या ओट्याशी आली.

"वहिनी, रागावलीस?"

"नाही."

"रागावलीयस. चकलीची ताटली केवढ्याने आपटलीस."

"तुला माहीत होतं मी त्यावर लिहितेय."

"माहीत होतं ना. किती वर्षं माहीत होतं. तुझं काही होईना, म्हटलं आपण करून बघू."

"माझी चौकशी चालू होती."

"कसली चौकशी? गोष्ट आहे ती, वहिनी. पोलीस केस आहे का?" ती हसली. मग चकली मोडत म्हणाली, "आणि आई माझी आहे."

ही वस्तुस्थिती होती.

सगळे गेल्यावर मी ती कथा पेन्सिल हातात घेऊन वाचली. चार चुका सापडल्या. त्यातली एक मोठी होती. नणंदेने कणीक उजव्या तोंडाला लावली होती. उजवीकडे काळी शाई असते, तिथे कणीक लावली तर पखवाज वाया जाईल. मला बरं वाटलं. मी नवऱ्याला दाखवलं.

"कणीक डावीकडे लावतात. हिने उजवीकडे लावलीय."

"मग?" तो म्हणाला.

कथेला त्या अंकाचं बक्षीस मिळालं. दादरला एका छोट्या सभागृहात समारंभ झाला. घरातलं कुणीतरी हवं म्हणून मी गेले. नणंदेने नवी साडी नेसली होती आणि भाषण लिहून आणलं नव्हतं, तरी ती चांगली बोलली. तिने माझं नाव घेतलं. वहिनीमुळे घरात लिहिण्याचं वातावरण होतं, असं ती म्हणाली. चहाच्या वेळी संपादकांशी तिने ओळख करून दिली. ते म्हणाले, "तुम्हीही लिहिता ना काहीतरी?" माझ्या तीन कथा त्यांना आठवत नव्हत्या. मी हो म्हटलं आणि बटाटेवडा घेतला.

दादरच्या ज्या वाचनालयाची मी सभासद आहे तिथे दिवाळी अंकांची योजना असते. वर्गणी भरली की एका वेळी दोन अंक घरी नेता येतात. मार्चपर्यंत प्रत्येक अंक कितीतरी घरांतून फिरून येतो. हे अंक मिटलेले असताना बाजूने बघितले तर कुठली कथा वाचली गेली ते कळतं. पानांच्या कडांवर तेवढाच भाग काळपट झालेला असतो. माझ्या कथा ज्या अंकांत आल्या ते मी दर वर्षी असे बघत आले आहे. माझी पानं पांढरी असतात. बाजूचं राशिभविष्य काळं असतं.

त्या मार्चमध्ये मी नणंदेचा अंक बघायला मागितला. बाहेर काढण्याआधीच कळलं. मधोमध काळा पट्टा होता. उघडल्यावर पान आपोआप तिच्या कथेवर आलं. एका कोपऱ्यावर हळदीचं बोट होतं. गोधडीच्या वाक्याशेजारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथे थांबले.' त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मी पण.' कणीक उजवीकडे लावल्याबद्दल कुणीच काही लिहिलं नव्हतं. माझ्या पर्समध्ये पेन्सिल होती. मी ती बाहेर काढली, परत ठेवली आणि अंक परत दिला.

चाळ पाडून टॉवर व्हायचा आहे. बैठका चालू आहेत, तारीख ठरत नाही. पण घरातलं नको ते काढायला आम्ही सुरुवात केली होती. गणपतीला थोडे दिवस असताना माझ्या सुट्टीच्या दुपारी सासूबाईंनी पखवाज खाली काढायला लावला. त्यांचे हात आता थरथरतात.

"तू मळ कणीक," त्या म्हणाल्या. "पाणी कमी घाल. पोळयेची कणीक नाय ती."

मी मळत होते. पखवाज जमिनीवर होता आणि गोधडी बाजूला पसरली होती. तिच्यावर समोरासमोर वीतभराच्या दोन गोल जागा इतक्या झिजल्या होत्या की खालची फरशी दिसत होती. ही झीज मी पूर्वीही पाहिली होती, माझ्या टिपणांत ती आहे. पुढे लिहिलं आहे: बहुधा उंदीर.

चौकशी पूर्ण झालेली नव्हती. पण कथा तर छापून झाली होती. मग मला वाटलं, निदान प्रतिक्रिया घ्यावी.

"आई, ताईंनी लिहिलेली ती गोष्ट तुम्हाला खरंच कशी वाटली?"

"बरी होती. खोटी, पण बरी."

"खोटी म्हणजे?"

"तो पखवाज तेचो खंय? माझो तो."

मी मळायची थांबले.

"तो गावाक जाताना इकूक काढल्यान. मी घेतलंय."

"कशाला?"

"वाजवूक. आनी कशाक? पापड लाटूक?"

मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या, तांदूळ निवडताना गप्पा माराव्यात तसं. जेवणाऱ्यांची भांडी घासून झाली, मुलं शाळेत गेली, नवरा पाळीवर गेला की दुपारी त्या दार लावून घेत. पखवाज खाली काढत, चपात्यांच्या कणकेतला गोळा घट्ट करून डाव्या तोंडाला लावत आणि वरून गोधडी टाकून वाजवत. गोधडीमुळे आवाज खोलीबाहेर जात नसे. कुणी शिकवलं, असं मी विचारलं.

"कोण शिकवतलो? बाप्ये भजनात वाजवीत. आयकान आयकान."

"कुणाला कळलं नाही?"

"चाळीत बायलमाणूस पखवाज बडवता म्हटल्यार काय रवला आसता? गोधडी कशाक होती मगे?"

मी गोधडीकडे बघितलं. तिथे हात पडत असत.

"मग बंद कधी केलंत?"

त्यांनी गोळा माझ्या हातातून घेतला आणि दाबून बघितला.

"तू इलंस तेवा. तू रातपाळीची. दुपारी निजायचंस."

एवढंच. त्यात तक्रार नव्हती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला रात्रपाळी होती हे खरं आहे. मी पहाटे घरी येत असे आणि दुपारभर त्याच खोलीत झोपत असे. उशाशी सासूबाई आवाज न करता वावरतात याचं मी माहेरी कौतुक करत असे.

"हे मी लिहू का?" मी विचारलं.

"व्हया तर लिव. पण तिच्यासारखा लिव. पेपरासारखा नको."

मी तिच्यासारखं लिहून पाहिलं. लेकरू, पांघरूण, ओलावलेले डोळे असं दोन पानं झालं आणि मला माझीच लाज वाटली. मग मला येतं तसं लिहिलं. कोण, कुठे, कधी. दार कसं लावलं, गोळा किती घट्ट, आवाज किती दबला. शेवटच्या परिच्छेदात रात्रपाळीची सून होती. कथा छोटीच झाली. माझ्या सगळ्या लिखाणात एवढं एकच मला पुन्हा वाचावंसं वाटलं.

त्याच संपादकांना पाठवली. उत्तर त्याच दिवशी आलं. "छान आहे. पण पखवाज आपण गेल्याच वर्षी केला." ते वाचून मी फोन पालथा ठेवला. नणंदेने माझी गोष्ट एकदाच नव्हे, दोनदा नेली होती. खोटी नेलीच होती, आता तिच्यामुळे खरीलाही जागा नव्हती.

आमच्या चाळीचं मंडळ गणपतीत स्मरणिका काढतं. अध्यक्षांचं मनोगत, देणगीदारांची यादी आणि बाकी सगळ्या जाहिराती. चिटणीस जिन्यात भेटला. "वहिनी, तुम्ही पेपरवाल्या ना, एक पान रिकामं राहतंय. काहीतरी द्या की." मी कथा दिली. दोन दिवसांनी तो पुन्हा भेटला. फरसाणवाल्याची जाहिरात आली होती, पाव पान लागणार होतं. "थोडं कापाल का? नाहीतर मी कापतो."

कापायचं तर शेवटून, हे माझ्या हाताला माहीत आहे. बातमीत सर्वांत कमी महत्त्वाचं शेवटी असतं. मी शेवटचा परिच्छेद काढला. त्यात सून होती. जागा बरोबर बसली. कथा आता गोधडीखाली वाजणाऱ्या हातांवर थांबत होती आणि त्याखाली लगेच भावनगरी आणि फरसाणची चौकट होती.

गौरीजेवणाच्या दिवशी नणंद आली. स्मरणिका टीव्हीवर पडली होती. तिने ती उभ्याउभ्याच वाचली. मी ओट्याशी मोदक उकडत होते, पाठ तिच्याकडे होती. पान उलटल्याचा आवाज आला, मग परत मागे उलटल्याचा. ती पुन्हा वाचत होती.

ती आत आली.

"हे खरं आहे?"

"हो."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईंनी."

"आईने? तुला?"

मी मोदकपात्राचं झाकण काढलं. वाफेमुळे तिचा चेहरा नीट दिसला नाही.

"मी शाळेतून यायचे तेव्हा तिच्या बोटांना पीठ असायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आमच्यासाठी काहीतरी करतेय." थोडं थांबून म्हणाली, "शेवट असा मधेच तोडायचं तुला कसं सुचलं गं? मला नसतं सुचलं."

फरसाणवाल्याचं मी काही बोलले नाही.

ती बाहेरच्या खोलीत गेली. सासूबाई खाटेवर होत्या.

"आई, मला का नाही सांगितलंस कधी?"

"तुका सांगितला आसता तर सगळ्या चाळीत झाला आसता."

"आणि हिला सांगितलंस."

"तिना इचारल्यान."

नणंद खाटेच्या कडेला बसली. मग तिने तोच प्रश्न विचारला जो कुणीही विचारला असता. "मग वाजवायचं बंद का केलंस? ते हिने लिहिलंच नाहीये."

मी हातातला मोदक तसाच धरून दारात आले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"कंटाळो इलो," त्या म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढाच."

पानं वाढली. नणंद माझ्या शेजारी बसली. जेवता जेवता ती दोनदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघून खाली बघू लागली. "वहिनी, हे जर मला आधी कळलं असतं ना," ती म्हणाली, आणि वाक्य पुरं केलं नाही. मला ते पुरं माहीत होतं. भाऊबीजेपासून मी तेच म्हणत होते, गोष्ट माझी होती.

आता लिहिलेलं हे छापलं की रात्रपाळीचं तिला कळेलच. त्या दिवशी कळलं नव्हतं. मी तिच्या पानात आणखी एक मोदक वाढला, वर तूप घातलं. आवाज न करता.